शिंग म्हणून ठेवलेला डबा

नाकोबा जन्माचा भित्रा. हे त्याच्या पाठीमागे बोलायची गरज नाही, तोच चारचौघांत सांगायचा. लिफ्टमध्ये एकटा चढायचा नाही. समोरून कुत्रं आलं की पलीकडच्या फुटपाथवर जायचा, आणि तिथेही कुत्रं असलं तर सरळ घरी परत यायचा. बँकेचं पाकीट आलं की आधी ग्लासभर पाणी प्यायचा, मग ते फोडायचा; आत बहुतेक वेळा वाढदिवसाच्या शुभेच्छा असायच्या. अशा माणसाने गोळा काय करावं, तर चाकू! त्याची ताई म्हणायची, देवाने याला सशाचं काळीज दिलं आणि वर हा छंद दिला, म्हणजे देवालाही थट्टा कळते.

पण चाकू म्हणजे मारामारीचे नव्हेत बरं. खिशातले, घडीचे, जुनेपुराणे. अशा चाकूने कुणी कधीकाळी पेन्सिलीला टोक काढलं असेल, कुणी फळ सोललं असेल, कुणी नुसताच खिशात हात घालून चाचपला असेल. असला गंजून घट्ट बसलेला चाकू हातात आला की नाकोबाची भीती कुठल्या कुठे पळायची. जन्मभर त्याने एका दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत कवळ्या बनवल्या होत्या. बारीक कानशी, पॉलिशचं चाक, भिंगाचा दिवा, सगळं तिथलंच. निवृत्तीनंतर दातांच्या जागी पाती आली, एवढाच फरक. आधी सांध्यात तेलाचा थेंब सोडून चाकू तसाच ठेवून द्यायचा, जबरदस्तीने उघडायचा नाही. मग काडीच्या टोकाने आतली घाण काढायची, त्यात तंबाखूचा भुगा, खिशाचे दोरे, वाळलेली माती. पात्याच्या बुडाशी कारखान्याचा छाप असतो. तो झिजलेला असला तर दिवा आडवा धरून वाचायचा. आणि घासायचं अगदी बेताने. जुन्या पोलादाचा काळसर रंग ओरबाडून जो चाकू नव्यासारखा चकचकीत करतो, त्याला नाकोबा खाटीक म्हणायचा. सगळं जमून पातं मिटताना भरीव ‘टक्’ झालं की स्वारी खूश.

नाकोबा हे नाव मात्र त्याला मुठी ओळखण्यावरून पडलं. मूठ कशाची आहे हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. शिंग, हाड, कासवाची पाठ, सगळ्यांच्या नकला जुन्या कारागिरांनी अशा बेमालूम केल्या आहेत की भलेभले फसतात. नाकोबा मुठीवर अंगठा खसाखसा घासायचा, मूठ गरम झाली की नाकाशी धरायचा आणि डोळे मिटायचा. जळक्या केसांचा पुसट वास आला की शिंग. आंबलेल्या दुधाचा आला तर दुधापासून केलेलं जुनं प्लास्टिक. आणि कापराचा वास आला की तो चाकू लगेच खाली ठेवायचा, कारण ते सेल्युलॉइड. जुन्या सिनेमाच्या फिती ज्याच्या असायच्या तेच. दिसायला देखणं, पण म्हातारपणी सडतं. सडताना त्यातून तेजाबी वाफ निघते, त्या वाफेने शेजारचं पोलाद गंजतं, पितळ हिरवं पडतं. आणि ठिणगीचं निमित्त मिळालं, किंवा नुसती धग फार झाली, तरी भस्सकन पेटतं. म्हणून चाकूवाल्या मंडळींत एक नियम होता, आणि तो नाकोबानेच घालून दिला होता. कापराची मूठ इतरांबरोबर ठेवायची नाही, घट्ट बंद डब्यात ठेवायची नाही, आणि माणूस झोपतं त्या खोलीत तर नाहीच नाही.

ही मंडळी रविवारी सकाळी त्याच्या बाहेरच्या खोलीत जमायची. निवृत्त वकीलसाहेब असायचे, कोपऱ्यावरची झेरॉक्सवाली असायची, आणखी एकदोघे. वकीलसाहेबांचा वादात हात धरणारा कुणी नव्हता, पण नाकोबाने हुंगून ‘शिंग’ म्हटलं की तेही चाकू रुमालात गुंडाळायचे आणि गप्प चहा प्यायचे. साऱ्या आयुष्यात या भित्र्या माणसाला कुणी मान दिला असेल तर तो त्या खोलीत, रविवारी.

आणि एका तापात ते नाक गेलं. ताप साधाच होता. अंग मोकळं झालं, भूक परत आली, पण चहा म्हणजे नुसतं गरम गोड पाणी. येईल दोन दिवसांत, असं त्याला वाटलं. आलं नाही. साबण नाही, कांदा नाही, पॉलिशचं तेल नाही, कशालाच वास नाही. डॉक्टरकडे जावं, तर ते म्हणणार की आता येणार नाही. ते ऐकण्यापेक्षा न गेलेलं बरं. कुणाला सांगावं, तर रविवार गेला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी याने ती झाकून ठेवली. गॅस गळला तर कळणार नाही म्हणून घाबरून त्याने विजेची शेगडी आणली आणि ताईला सांगितलं की हल्ली सगळे हीच वापरतात. दूध नासलं की नाही बघायला तो ताईपुढेच पेला धरायचा, ‘जरा चव घे, मला साखर कमी वाटते’ म्हणून. रविवारी मात्र सगळं पूर्वीसारखं. अंगठा घासायचा, डोळे मिटायचे, मनात म्हणायचं की वजन असं आहे, रेषा अशा आहेत, म्हणजे शिंगच असणार. बहुतेक वेळा ते शिंगच निघायचं. मग त्याचं त्यालाच खरं वाटायला लागलं.

अशात वकीलसाहेबांनी एका बंद पडलेल्या चाकूच्या कारखान्यातून बिस्किटांचा एक मोठा डबा उचलून आणला. डबाभर मुठींच्या पट्ट्या, मधाच्या रंगाच्या, त्यात तपकिरी डाग, कागदात थरावर थर. कधी न वापरलेल्या. मंडळींचे डोळे चमकले. नाकोबाने एक पट्टी घेतली, घासली, नाकाशी धरली. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. आत अगदी कोरं होतं, वासाचा मागमूस नाही. माहीत नाही असं म्हणायला किती वेळ लागतो हो? पण तेवढं तोंडातून निघेना. ‘रंगवलेलं शिंग,’ तो म्हणाला. वकीलसाहेबांनी डबा तिथल्या तिथे त्यालाच देऊन टाकला, कारण शिंगाचं चीज त्याच्याकडेच होणार. तो डबा त्याने आतल्या खोलीतल्या कपाटाच्या तळाला ठेवला, झाकण घट्ट लावून.

आतल्या खोलीत ताई असायची. ती त्याच्यापेक्षा पुष्कळ मोठी. आई गेली तेव्हा हा बोबडं बोलत होता. ताईने याला अंघोळ घातली, शाळेत सोडलं, आणि कुत्र्यांना दगड मारत परत आणलं. त्याने भीतीपायी लग्न केलंच नाही, तिने केलं, आणि नवरा गेल्यावर ती धाकट्या भावाकडे आली. आता तिची फुप्फुसं थकली होती. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन दिवसभर घुरघुरायचं, त्याची नळी तिच्या नाकाशी, आणि मशीनवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं की जवळ विस्तव नको. नाकोबाने ते वाचल्यापासून त्या खोलीत काडेपेटीसुद्धा येऊ दिली नव्हती. घर दोन खोल्यांचं, म्हणून चाकूंचं कपाटही तिथेच, तिच्या पायथ्याशी, पश्चिमेच्या भिंतीला. तिचं सगळं तोच करायचा. बाई ठेवू म्हटलं तर ताईला परक्या बाईची लाज वाटायची. अलीकडे तिला वेळेवर उठून जाणं व्हायचं नाही, चादर खराब व्हायची. तो काही न बोलता बदलायचा, आणि ती त्या वेळी भिंतीकडे बघत राहायची.

उन्हाळा लागला आणि तिला खोकला लागला. कोरडा, घसा खरवडणारा. डॉक्टर आले, छाती ऐकली, वय झालं म्हणाले, आणि मशीनचा काटा थोडा वाढवून गेले. नाकोबा बाहेरच्या खोलीत काम करत बसला की तो खोकला ऐकायचा आणि प्रत्येक वेळी त्याचा हात थांबायचा. ताई गेली तर आपण काय करायचं, हा विचार त्याने कधी पुरा केला नव्हता. अर्ध्यावर आला की तो उठून पाणी प्यायचा.

त्या दिवशी दुपारी ऊन भिंतीवर आलं होतं. ताईचा डोळा लागला होता. नाकोबा तेल लावायला म्हणून कपाटाचा खालचा खण काढायला गेला, आणि पहिलाच चाकू हातात घेतला तर त्याच्या पात्यावर लाल गंज. दुसरा बघितला, त्यालाही. तिसऱ्याच्या मुठीखालची पितळी पट्टी हिरवीगार, ओली. महिन्यापूर्वी त्याने स्वतः पुसून ठेवलेले चाकू! वरचा खण काढला, त्यात गंज कमी. सगळ्यात वरचा खण स्वच्छ. म्हणजे जे काय आहे ते खालून येतंय.

चाकूवाल्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. कुठेतरी कापराची मूठ सडते आहे. तो खाली बसला, तिथेच, फरशीवर. एक हात अंतरावर मशीन घुरघुरत होतं. मागची भिंत तापलेली होती, त्याने तळवा लावला आणि पटकन मागे घेतला. या खोलीत भडका उडाला तर तो विझवायला वेळच मिळणार नाही, ऑक्सिजन त्याला खाऊ घालील. ताईला उचलून नेणं त्याला एकट्याला जमणार नव्हतं. मग त्याला कळलं की आपण हलायलाही घाबरतो आहोत, जणू आपल्या हलण्यानेच काहीतरी पेटेल.

त्याने तळाचा डबा बघितला. झाकण हळू, अगदी हळू वर केलं. वरच्या पट्ट्या जशाच्या तशा, मधाच्या रंगाच्या. शिंगासारख्या. त्याने एक घासून नाकाशी धरली आणि जोरात श्वास ओढला, इतका की डोळ्यांत पाणी आलं. काही नाही. कपाटात आणखीही चाकू होते, गेल्या दीड वर्षात ‘शिंग’ म्हणून आत आलेले. त्यांतला कोणता? तापवलेली सुई टोचून बघता येतं, पण इथे सुई तापवायची म्हणजे स्वतःच आग लावायची. सगळं कपाट बाहेर ओढायचं तर लोखंडाचे पाय फरशीवर घासणार, ठिणगी उडाली तर? ज्याला नाक आहे असं घरात एकच माणूस होतं. तिला विचारायचं म्हणजे सगळं सांगणं आलं. आणि खरं सांगायचं तर, त्या क्षणीही, एवढं जिवावर बेतलेलं असताना, हा माणूस क्षणभर सबब शोधत बसला. भीतीची ही जातच वाईट. ती एकटी येत नाही, सगळ्या जुन्या भीतींना बरोबर घेऊन येते.

ताई खोकत जागी झाली. त्याला जमिनीवर बसलेलं बघून तिने विचारलं, काय पडलं का.

‘ताई, या खोलीत तुला कसला वास येतो का गं?’

ती त्याच्याकडे जरा चमत्कारिक नजरेने बघत राहिली. ‘कापराचा येतो की. आणि त्यात काहीतरी आंबट, घशाला टोचणारं. ऊन तापायला लागलं तेव्हापासून येतोय.’

‘मग मला सांगितलं का नाहीस?’

‘दोनदा विचारलं तुला, छोट्या. तू म्हणालास, पॉलिशचा वास आहे, जाईल. तुझ्या नाकापुढे माझं नाक काय, म्हणून गप्प बसले.’

आणि त्याला ते आठवलं. कानस चालवता चालवता, मान वर न करता, तो तसं म्हणाला होता. दोन्ही वेळा. कुणी वासाबद्दल काही विचारलं की तो ‘हो हो, येतोय’ म्हणून मोकळा व्हायचा, कारण ‘येत नाही’ म्हणायचं नव्हतं. तेवढ्यासाठी त्याची ताई इतके दिवस ती वाफ छातीत घेत होती, आणि त्याच्यावर भरवसा टाकून गप्प होती.

‘ताई, मला वास येत नाही,’ तो म्हणाला. ‘त्या तापापासून. काही म्हणजे काहीच येत नाही.’ मग त्याने कपाट, डबा, कापूर, मशीन, सगळं एका दमात सांगून टाकलं, अर्धं रडत. ऐकून झाल्यावर ताईने खिडकी उघडायला सांगितली आणि मशीन बंद करायला सांगितलं. तो नाही म्हणाला, तुला श्वास पुरणार नाही. ती म्हणाली, बसून राहिले तर थोडा वेळ पुरतो, रडत बसलास तर मात्र नाही पुरणार.

नाकोबाने मशीन बंद केलं. तो एकेक चाकू घासून तिच्या नाकाशी धरू लागला. ती मानेनेच नाही म्हणायची. प्रत्येक ‘नाही’नंतर तिचे ओठ जरा निळसर दिसत आहेत असं त्याला वाटायचं आणि तो नळीकडे हात न्यायचा, ती त्याचा हात बाजूला करायची. डब्यातली पट्टी जवळ आणली, तेव्हा घासायचीही गरज पडली नाही. तिने तोंड फिरवलं आणि इतकी खोकली की त्याला वाटलं, संपलं सगळं.

डबा छातीशी धरून तो बाहेर पडला. डबा कोमट होता, उन्हाने की आतल्या सडण्याने, देव जाणे. अंगणातल्या नळाखाली त्याने बादली भरली आणि डबा तीत उपडा केला. वरचे दोन थर तेवढे धड होते. खाली सगळं घामेजलेलं, चिकट, भेगाळलेलं, आणि मधले कागद तपकिरी होऊन हातात चुरा झाले. तो धावत वर आला, मशीन सुरू केलं, नळी नीट लावली, आणि ताईच्या ओठांचा रंग परत येईपर्यंत तिच्यासमोर उभा राहिला. मग शेजारणीला तिच्याजवळ बसवून तो बादली घेऊन अग्निशमन केंद्रावर चालत गेला. वाहनात बसायची त्याची छाती नव्हती, म्हणून चालत, भर उन्हात, पाणी सांडू नये म्हणून बादलीकडे बघत. वाटेत एक कुत्रं त्याच्या मागे लागलं होतं म्हणे. त्याचं लक्षच गेलं नाही.

तिथल्या जवानाने एक धड पट्टी पुसून कोरडी केली, वाळूवर ठेवली आणि लांब काठीला लावलेला पेटता बोळा जवळ नेला. बोळा टेकायच्या आधीच ती पेटली. माणसाच्या छातीएवढी ज्वाळा उठली आणि दोन शब्द बोलेपर्यंत विझलीसुद्धा. हे कुठे ठेवलं होतं, असं जवानाने विचारलं. नाकोबाने सांगितलं. जवानाने आधी त्याच्याकडे बघितलं, मग बादलीकडे, आणि त्याला बसायला खुर्ची दिली.

रविवारी त्याने मंडळींना सगळं सांगितलं. वकीलसाहेबांनी घरी जाऊन त्याने पारखलेले सगळे चाकू गच्चीवर नेऊन ठेवले, आणि झेरॉक्सवाली त्या दिवसापासून आली नाही. त्याला वाईट वाटलं, पण ज्याची इतके दिवस धास्ती घेतली होती ते एवढंसंच निघालं. खरी धास्ती पुढेच होती. ताईचा खोकला कमी होऊ लागला. रोज थोडा थोडा, आणि मग एका सकाळी मुळीच आला नाही. डॉक्टर खूश झाले, काटा मागे घेतला. नाकोबाला मात्र त्या आनंदाखाली घास गिळवेना. खोकला थांबला, याचा अर्थ तो वयाचा नव्हता. तो त्याने आणला होता. आता बाहेर काम करताना आतून काही ऐकू आलं नाही की तो उठून दाराशी जाऊन बघायचा, तिची छाती हलते आहे ना. ती डोळे न उघडता म्हणायची, आहे रे, आहे, जा तू.

चादरीचा प्रश्न त्यानंतर निघाला. एका संध्याकाळी तो धुतलेली चादर घेऊन आत आला, तर ताईने खालची घट्ट धरून ठेवली.

‘उद्यापासून बाई लाव,’ ती म्हणाली.

तो घाबरला. तुला राग आला ना, म्हणाला. तिने मान हलवली. रागाचं नव्हतं. थोडा वेळ ती नेहमीसारखी भिंतीकडे बघत होती, मग भिंतीकडे बघायचं सोडून तिने सरळ त्याच्याकडे बघितलं.

‘तू चादर बदलायचास तेव्हा मी तुझ्या तोंडाकडे चोरून बघायचे. नाक मुरडतोस का म्हणून. कधी मुरडलं नाहीस. मी म्हणायचे, माझ्या भित्र्या भावाचं माझ्यावर केवढं प्रेम, किती सोसतोय माझ्यासाठी. आणि तुला तर काही कळतच नव्हतं.’

हातातल्या चादरीची घडी तो उगाच नीट करत राहिला.

‘येत असता वास,’ तिने विचारलं, ‘तर केलं असतंस?’

हो, असं म्हणायला तो तोंड उघडणार होता. दीड वर्षात त्याच्या जिभेला याच उत्तराची सवय झाली होती. विचारलं की हो म्हणायचं आणि सुटायचं. पण ती बघत होती. तो पलंगाच्या कडेला बसला. त्याने स्वतःला खरंच विचारून बघितलं, आणि जे दिसलं त्याची त्याला भीती वाटली.

‘माहीत नाही, ताई,’ तो म्हणाला.

मग तिने चादरीची मूठ सोडली, नळी सांभाळत एका अंगावर वळली आणि खालची चादर मोकळी केली.

‘ओढ,’ ती म्हणाली.